रेंज नाही म्हणून मोबदला नाही : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सविनय नमस्कार.

मी मेळघाटातल्या दोन ढाण्यांची, म्हणजे आदिवासी पाड्यांची, आशा सेविका. गेल्या आठवड्यात आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज पडला : आभा (डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक) नोंदणी आणि ऑनलाइन सर्वेक्षण अपूर्ण असलेल्या आशांचा मोबदला पुढील आदेशापर्यंत रोखण्यात येत आहे. खाली यादी, यादीत माझं नाव. तो मेसेजही मला दिसला तो बाजाराच्या गावी गेल्यावर. आमच्याकडे रेंज नाही, हे एवढ्यावरून तरी कुणाला कळायला हवं होतं.

साहेब, आभा काढायला आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी येतो. आमच्या कोरकू बायांच्या आधारला नंबर कुणाचा? नवऱ्याचा, आणि नवरा गेलाय अकोल्याकडे बांधकामावर. कुणाचं सिम कधीच बंद पडलंय. काहींचा तर कॅम्पात आधार काढून देणाऱ्या पोराचाच नंबर आहे. मग बाईला घेऊन मी टेकाडावर चढायचं, नवऱ्याला फोन लावायचा, त्याने आकडे वाचून दाखवायचे, आणि मी ते टाकेपर्यंत मुदत संपलेली. बँकवाले ओरडून सांगतात, ओटीपी कुणाला देऊ नका. सरकारची आशा तोच ओटीपी दारोदार मागत फिरते. एका म्हाताऱ्याने मला अंगणातूनच हाकललं. शहाणा माणूस!

बरं, आभा ऐच्छिक आहे, असं सरकारच सांगतं. ऐच्छिक गोष्टीचं टार्गेट असतं आणि टार्गेट चुकलं की पैसे अडतात, हे फक्त आपल्याच राज्यात जमावं.

ज्या महिन्याचा मोबदला अडला, त्याच महिन्यात एका पहिलटकरणीला रात्री कळा सुरू झाल्या. 108 लागेना, कारण 108 लाही रेंजच लागते. गावातल्या पिकअपमध्ये घालून नेली, मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. बाळ-बाळंतीण सुखरूप. जननी सुरक्षा योजनेत या कामाचे मला सहाशे रुपये मिळतात. पण पोर्टलवर ती बाईच नाही, म्हणजे ती बाळंत झालीच नाही. बाळ रडतंय ते ऑफलाइन.

फोन माझा, रिचार्ज माझा. मेमरी भरली म्हणून पोरीचे शाळेतले फोटो मीच पुसले. डोळ्यांना चष्मा लागला, तोही माझ्याच खर्चाने. रजिस्टर मात्र सुटलेलं नाही. कागदावर लिहा, मग अॅपमध्ये भरा, मग कागदाचा फोटो ग्रुपवर टाका. त्या ग्रुपवर कोणत्या बाईचं रक्त किती, कुणाला टीबी, सगळं नावासकट फिरतं. 2023 मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा झाला म्हणे. आमच्या ग्रुपवर तो अजून अॅड झालेला नाही. अंगणवाडीच्या ताईंनी 2021 मध्ये सरकारचे मोबाईल सरकारलाच परत केले, रद्दड होते म्हणून. आम्हाला परत करायलाही काही मिळालेलं नाही.

मी फोनच्या विरोधात नाही. केंद्रावर ई-संजीवनी लागली की डॉक्टर पडद्यावर दिसतो, बाईची पन्नास-साठ किलोमीटरची फेरी वाचते. लागली की. याच मेळघाटात हरिसाल हे 2016 मध्ये देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. फोटो निघाले, पाहुणे आले. आमचे ढाणे त्या फोटोत नव्हते. गावोगावच्या ग्रामपंचायतींत फायबर नेणाऱ्या योजनेला 2011 मध्ये मंजुरी मिळाली. आमच्या ग्रामपंचायतीत डबा बसलाय, दिवा लागत नाही. टॉवरचं विचारलं की जंगल खात्याकडे बोट, तिकडे गेलं की कंपनीकडे.

दिल्लीच्या एम्सवर नोव्हेंबर 2022 मध्ये सायबर हल्ला झाला, सर्व्हर कित्येक दिवस बंद. तिथे सगळं काम कागदावर चाललं. त्या दिवसांचा कुणा डॉक्टरचा पगार रोखला का? तिथे सर्व्हर पडला तर संकट, इथे रेंज पडली तर आशा कामचुकार!

राज्यात सत्तर हजार आशा आहेत, कुणी बहात्तर म्हणतं. मोजून घ्या, डॅशबोर्ड तुमच्याकडे आहे. 2023 च्या संपात सात हजारांची वाढ जाहीर झाली. नंतर पुन्हा रस्त्यावर बसलो तेव्हा हातात पाच हजारांचा जीआर आला. तुमचे दोन हजार कोणत्या सर्व्हरवर अडकले? कोरोनात आमच्यावर फुलं उधळलीत, पेन्शनचं विचारलं की आम्ही कर्मचारीच नाही. मोबदला रोखायला मात्र बरोब्बर कर्मचारी.

अडवलेला मोबदला सोडा. रेंज नसलेल्या गावांची यादी आमच्याकडूनच घ्या आणि तिथे कागदावरची नोंद ग्राह्य धरा. अॅप रेंजशिवाय भरता येईल आणि रेंज मिळाल्यावर नोंद आपोआप जाईल, असं करा.

आणि एक. या पत्रावर 'योग्य कार्यवाहीस्तव' असा शेरा मारून ते खाली पाठवू नका. जिल्हा, तालुका, केंद्र असं उतरत ते शेवटी माझ्याकडेच येईल, खुलासा मागायला. तोही ऑनलाइन.

आपली,
मेळघाटातली एक आशा