आमच्या शहराची बातमी आम्हाला कोण देणार? कॅनडाच्या सांस्कृतिक खात्याच्या मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सादर नमस्कार.

या हिवाळ्यातल्या एका रविवारी ह्युरॉन सरोवरावरून आलेल्या हिमवादळाने 402 क्रमांकाचा महामार्ग बंद पडला, तेव्हा माझे पती सार्नियाहून ओंटारिओतल्या आमच्या लंडन शहराकडे निघालेले होते आणि त्यांचा फोन लागत नव्हता. साताऱ्याहून आलेले माझे सासरे रिमोट हातात घेऊन एकेक वाहिनी लावत होते आणि जिथे तिथे टोरोंटोचेच हवामान नि टोरोंटोचीच वाहतूक दिसत होती. कॅनडात फेसबुकवर तर ऑगस्ट 2023 पासून बातम्या दिसतच नाहीत. गाड्या नेमक्या कुठे अडकल्या आहेत, हे आम्हाला रात्री उशिरा एका ओळखीच्या ट्रकचालकाच्या निरोपावरून कळले. पती सुखरूप घरी आले, पण त्याचे श्रेय त्या ट्रकचालकाचे आहे, आपल्या खात्याचे नाही. डिसेंबर 2010 मध्ये याच रस्त्यावर शेकडो माणसे बर्फात अडकली होती आणि त्यांच्या सुटकेसाठी लष्कराची हेलिकॉप्टरे आणावी लागली होती, हे तरी आपल्या अधिकाऱ्यांच्या स्मरणात आहे का?

ही वेळ आमच्यावर निसर्गाने आणलेली नाही. 2012 च्या अर्थसंकल्पात सरकारने सीबीसी/रेडिओ-कॅनडा या सार्वजनिक प्रसारकाचे अनुदान तीन वर्षांत मिळून 11.5 कोटी डॉलरने कमी केले. त्याच वर्षी 31 जुलै रोजी देशभरातले त्याचे सहाशेहून अधिक जुने प्रक्षेपक बंद झाले, आणि छतावरच्या अँटेनावर फुकट दिसणारी सार्वजनिक वाहिनी आमच्या शहरातून गेली. स्थानिक कार्यक्रमांसाठी केबल कंपन्यांकडून दीड टक्का घेणारा निधी नियामक मंडळाने 2014 पर्यंत गुंडाळला. मग फेब्रुवारी 2024 मध्ये एका बड्या खासगी कंपनीने टोरोंटो, मॉन्ट्रियल आणि ओटावा वगळता आपल्या सर्व केंद्रांची शनिवार-रविवारची बातमीपत्रे बंद केली, तेव्हा तत्कालीन पंतप्रधानांनी कॅमेऱ्यासमोर संताप व्यक्त केला. संतापाने बातमीपत्र सुरू होत नाही. शनिवार-रविवारी वादळ येत नाही, आग लागत नाही, असा या मंडळींचा समज आहे काय?

हा देश 1969 पासून कायद्याने द्विभाषिक आहे, आणि 1991 चा प्रसारण कायदा सांगतो की सार्वजनिक प्रसारकाने प्रत्येक प्रदेशाच्या खास गरजा भागवाव्यात, तसेच इंग्रजी व फ्रेंच अल्पसंख्याकांकडेही लक्ष द्यावे. आमच्या शेजारच्या आजींची मातृभाषा फ्रेंच आहे. फ्रेंचबहुल क्वेबेक प्रांताबाहेर त्यांच्यासारखे सुमारे दहा लाख लोक राहतात. रोज संध्याकाळी त्या ओंटारिओचे फ्रेंच बातमीपत्र लावतात. तेही टोरोंटोहूनच येते, आणि त्यानंतरच्या सगळ्या चर्चा मॉन्ट्रियलच्या. ओंटारिओतल्याच विंडसर शहरातल्या फ्रेंचभाषकांना आपल्या रेडिओ केंद्रासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. दोन राजभाषांचा अभिमान बाळगणारे हे राज्य प्रत्यक्षात दोन महानगरांपुरतेच बोलते, आणि आम्ही बाकीच्यांनी ते दोन्ही भाषांत मुकाट्याने ऐकायचे.

पैसा नाही, हे कारण कृपया सांगू नका. सीबीसीला वर्षाला सुमारे 1.4 अब्ज डॉलर आम्हीच देतो. शेकडो पदे रद्द करण्याची घोषणा ज्या आर्थिक वर्षात झाली, त्याच वर्षासाठी या संस्थेने 1.84 कोटी डॉलरचे बोनस वाटले. ओरड झाल्यावर ती पद्धत बंद केली, पण वाटलेला पैसा परत आला नाही आणि गेलेले वार्ताहरही आले नाहीत. 2025 च्या निवडणुकीत आपल्या पक्षाने आणखी 15 कोटींचे आणि भक्कम स्थानिक बातम्यांचे आश्वासन दिले, आम्ही त्यावर विश्वास ठेवला. नंतर अर्थसंकल्पात रक्कम मंजूर झाली. आमच्या घरातल्या पडद्यावर तिचा मागमूस नाही. मत मागायला येताना आमचे शहर नकाशावर बरोबर सापडते, खर्चाची वेळ आली की ते ओटावाच्या फायलींतून नाहीसे होते.

माझी मागणी लांबलचक नाही. या वाढीव रकमेतला ठरावीक वाटा टोरोंटो-मॉन्ट्रियलबाहेरच्या केंद्रांसाठी लेखी राखून ठेवा, आठवड्याचे सातही दिवस स्थानिक बातमीपत्र देणे ही अनुदानाची अट करा, आणि लाखाहून अधिक वस्तीच्या प्रत्येक शहरात अँटेनावर दिसणारे सार्वजनिक प्रक्षेपण परत आणा. उत्तर इंग्रजीत द्या किंवा फ्रेंचमध्ये द्या, मात्र त्यात रक्कम आणि तारीख या दोन्ही गोष्टी असाव्यात. 'आपल्या भावनांची नोंद घेतली आहे' एवढेच लिहिणार असाल, तर ते पत्र पाठवू नये.

आपली,
लंडन, ओंटारिओ येथील एक करदाती नागरिक