तिसऱ्या दाढीला काय होतं ते बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दाढीच्या ब्लेडवर लेख आला होता. त्यात दोन गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या होत्या. सगळ्यात धारदार ब्लेड तेच सगळ्यात चांगलं, ही एक. आणि रोज पुसून कोरडं ठेवलं तर एक ब्लेड महिनाभर जातं, ही दुसरी. मी शिवाजी उद्यमनगरात ३८ वर्षं टूल अँड कटर ग्राइंडरवर काम केलं. धार लावणं हाच माझा धंदा. लेख वाचता वाचता चहा निवला आणि मी माझी वही काढली.

या वहीवरून घरात माझी चेष्टा होते. नातू म्हणतो, ‘आजोबा, नाद खुळा!’ पण कारखान्यात प्रत्येक कटरचं कार्ड असायचं. किती जॉब झाल्यावर तो परत धारेला आला, ते त्यावर लिहायचं. निवृत्त झालो, सवय राहिली. आता दुधारी रेझरच्या ब्लेडची नोंद ठेवतो: कुठल्या तारखेला चढवलं, कितव्या दाढीला ओढायला लागलं, कधी काढलं. कंपन्यांची नावं इथे मुद्दाम लिहीत नाही. माझ्या दाढीवरून दुसऱ्याने पाकीट घ्यावं असं मला वाटत नाही, आणि पत्राची जाहिरातही व्हायला नको.

पहिल्यांदा धार. पुण्याच्या मुलाने दिवाळीला एक जपानी ब्लेड आणलं. गालावरून ते असं गेलं, की आत ब्लेड आहे का ते मी रेझर खोलून बघितलं. हनुवटीखाली मात्र तीन ठिकाणी रक्त. त्यात ब्लेडचा काही दोष नव्हता, हात माझा जड. बोथट ब्लेडवर दाब द्यायची सवय लागलेली, आणि असल्या ब्लेडला रेझरचं स्वतःचं वजनच पुरतं. पुढे हात हलका केला, रक्त थांबलं. तरी तुरटी झोंबायची ती झोंबायचीच.

तुरटी हे माझं गेज, म्हणजे तपासायचं माप. दाढी झाल्यावर ओल्या चेहऱ्यावर खडा फिरवायचा. जिथे ब्लेडने केसाबरोबर कातडीही खरवडली असेल, तिथेच ती झोंबते. आरशात सगळं गुळगुळीत दिसत असतं आणि तुरटी लावली की मानेची डावी बाजू पेटते. वहीत मी ‘झोंबली’ किंवा ‘गप’ एवढंच लिहितो.

आता धारदार ब्लेड झोंबतं आणि जरा कमी धारेचं गप राहतं, हे कसं? पोलाद बहुतेकांचं एकाच जातकुळीचं, साधारण १३ टक्के क्रोमियमचं स्टेनलेस. जाडीही तीच. मायक्रोमीटरवर सगळी ०.१ मिमीच्या आसपास भरली. फरक पडतो तो धारेच्या कोनात आणि वरच्या लेपात. नॉनस्टिक तव्यावर जो पीटीएफईचा थर असतो, तोच फार पातळ असा ब्लेडच्या धारेवर असतो. त्यामुळे केस कापायला जोर कमी लागतो आणि पातं कातडीवरून घसरतं. हा लेप लावलेली स्टेनलेस ब्लेडं विल्किन्सन स्वोर्डने १९६२ च्या सुमारास बाजारात आणली आणि जिलेटलाही त्या वाटेने जावं लागलं. लेप नवा असताना काही ब्लेडं पहिल्या दिवशी किंचित अडतात आणि दुसऱ्या दाढीला खुलतात. पहिल्याच दाढीवर ब्लेडला नावं ठेवून पाकीट पुतण्याला देऊन टाकणारे माझ्या ओळखीत दोघे आहेत.

धार जितकी निमुळती, तितकी ती सहज घुसते आणि तितकीच लवकर झडते. लेथवर टूल लावणारं पोरगंही हे सांगेल. माझ्या वहीत जपानी ब्लेडच्या तीन दाढ्या सुरेख, चौथीला ओढ. हिरव्या पाकिटातलं ब्लेड पहिल्या दिवशी नाखूश, दुसरीपासून पाचवीपर्यंत तुरटी गप, सहावीला काढलं. ते जपानीच्या निम्म्याहून कमी किमतीचं. एक फार स्वस्तातलं दुसऱ्याच दाढीला हनुवटीवर अडलं. पण तेच जपानी ब्लेड माझ्या जावयाला आठ दाढ्या जातं, कारण त्याची दाढी मऊ. माझे खुंट म्हणजे तारेचा ब्रश. महिनाभर पुरलेलं ब्लेड माझ्या वहीत एकही नाही.

पुसण्याचा सल्ला बहुतेक जुन्या काळातला आहे. माझे वडील शाहू मिलमध्ये होते. त्यांची ब्लेडं साध्या पोलादाची, रात्रीत गंज धरणारी. ते ब्लेड पुसायचे, खोबरेल लावायचे, आणि बोथट झालं की काचेच्या पेल्यात आतून दोन बोटांनी घासायचे. लहानपणी तो आवाज ऐकला की अंगावर काटा यायचा. त्या पोलादाला ते ठीक होतं. आजच्या ब्लेडला टॉवेलने पुसणं म्हणजे धार आणि लेप दोन्ही आपल्या हाताने बिघडवणं. नळाखाली धरा, झटका, ठेवून द्या.

आणि ब्लेड बोथट होतं ते काही गंजामुळे नव्हे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं, की पोलादापेक्षा पन्नासएक पट मऊ असलेला केससुद्धा धारेचा टवका काढतो. केस कापताना वाकतो, धारेला तिरका भिडतो, आणि पोलादाची घडण जिथे एकसारखी नसते तिथून कपची निघते. हे वाचलं तेव्हा मी वहीच्या कडेला ‘चिपिंग’ असं लिहून दोन रेघा मारल्या. कटरचंही असंच व्हायचं.

म्हणून ब्लेड टिकवायचं तर खुंट भिजवा. दोन-तीन मिनिटं पाण्यात भिजला की केस मऊ पडतो. मी आंघोळीनंतरच दाढी करतो. पाण्याचा फरक मला ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कळला. नळ बंद, बोअरच्या जड पाण्यावर दाढी. फेस धरेना, ब्रश नुसता फिरतोय. त्या पानावर हिरव्या पाकिटातलं ब्लेड चौथ्याच दाढीला काढल्याची नोंद आहे. तेव्हा दोन ब्लेडं पारखायची असतील तर रेझर, साबण, पाणी तेच ठेवा. सगळं एकदम बदललं तर दोष कुणाचा हे कळायचं नाही.

कोण म्हणेल, सलूनवाल्याला विचारा. आमचा सलूनवाला उत्तम कारागीर आहे. तो ब्लेड कागदातच मधोमध मोडतो आणि अर्धं वस्तऱ्यात घालतो. एका गिऱ्हाइकाची दाढी झाली की ते गेलं. त्याला पाहिजे एका दाढीपुरती धार, तिसऱ्या दाढीशी त्याचा संबंधच येत नाही.

महाद्वार रोड आणि लक्ष्मीपुरीतल्या दुकानदारांना माझी विनंती आहे. पाच-सहा जातींची पाकिटं फोडून प्रत्येकातलं एकेक ब्लेड, कागदासकट, सुटं द्या. ब्लेड कुठल्याही कंपनीचं असो, दुधारी रेझरमध्ये बसतंच. गिऱ्हाईक महिनाभर घरी करून बघेल आणि जे जमेल त्याचं पाकीट तुमच्याकडूनच नेईल. मी एका दुकानात मागितलं तर मालक म्हणाला, ‘काका, बिस्किटं आहेत व्हय सुटी द्यायला?’

वापरलेली ब्लेडं मी कचऱ्यात टाकत नाही, घंटागाडीवाल्याचा हात कापतो. पत्र्याच्या डब्याला वरून चीर पाडली आहे, तिच्यातून आत. मागच्या महिन्यात डबा भरला, म्हणून उद्यमनगरातल्या फौंड्रीवाल्या मित्राकडे घेऊन गेलो. म्हटलं, भट्टीत टाक. त्याने डबा कानाशी हलवून बघितला आणि हसत परत दिला. ‘तुझ्या ब्लेडांतल्या क्रोमने माझं बीड, ओतायचं लोखंड, कडक होईल, मग मशीन शॉपवाले माझ्या नावाने शंख करतील.’ डबा सध्या माळ्यावर आहे. आपल्या वाचकांपैकी कुणाला तो कुठे द्यायचा ते माहीत असेल तर याच सदरात कळवावं.

आपला,
एक निवृत्त ग्राइंडर
मंगळवार पेठ, कोल्हापूर