फी भरून मंजुरी मिळत नसते

महोदय,

अमेरिकी एफडीएवरचा, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनावरचा, कालच्या अंकातला लेख वाचला. जेनेरिक (पेटंट संपलेली औषधं बनवणाऱ्या) कंपन्या फी भरतात आणि त्या बदल्यात एफडीए मंजुरी देते, असाच लेखाचा सूर आहे. तारापूर एमआयडीसीतल्या एका लहान टॅब्लेट कारखान्यात रेग्युलेटरीचं, म्हणजे औषधांच्या मंजुरीच्या कागदपत्रांचं, काम करण्यात माझी सगळी नोकरी झाली, त्यामुळे गप्प बसवत नाही.

फी असते ती मंजुरीचा अर्ज तपासण्याची. २०२४-२५ मध्ये एका अर्जाला ३,२१,९२० डॉलर पडत होते. वीस दिवसांत रक्कम जमा झाली नाही तर अर्ज दाखलच करून घेत नाहीत. तपासणीनंतर त्रुटींचं पत्र हातात पडलं, तरी फी परत मिळत नाही. आणि लाचेचंच म्हणाल, तर १९८९ मध्ये तिथल्या जेनेरिक विभागातले अधिकारी कंपन्यांकडून लाच घेतल्याबद्दल दोषी ठरले, तेव्हा जेनेरिकवर एक डॉलरही फी नव्हती. लेखकाने याचा उल्लेखही करू नये?

फीचा कायदा २०१२ चा. त्या वर्षी ऑक्टोबरात अडीच हजारांहून जास्त अर्ज तुंबलेले होते. रक्तदाबाच्या गोळीची आमची फाइलही त्यातच पडून होती. मालक दर सोमवारी विचारायचे, "काही आलं का?" माझ्याकडे सांगायला काही नसायचं. फी सुरू झाल्यावर निदान उत्तराची तारीख तरी मिळू लागली. आता साध्या अर्जासाठी दहा महिन्यांचं उद्दिष्ट आहे. नवे तपासनीस या पैशातूनच नेमले गेले.

अन्याय आहे तो वेगळ्या ठिकाणी, आणि त्यावर लेखात एक ओळ नाही. अर्जाच्या फीशिवाय कारखान्याची वार्षिक फी असते. अमेरिकेबाहेरच्या कारखान्याला तिथल्यापेक्षा १५,००० डॉलर जास्त. २०२४-२५ मध्ये ती २,४६,९५२ डॉलर होती, म्हणजे दोन कोटी रुपयांच्या वर. शेकडो उत्पादनं बनवणाऱ्या कारखान्याला जेवढी, तेवढीच एकच गोळी बनवणाऱ्यालाही. दुसऱ्यांसाठी कंत्राटावर माल बनवणाऱ्यांना सवलत आहे, पण आमची मंजुरी आमच्याच नावावर, म्हणून आम्हाला पूर्ण फी. त्या गोळीचा अमेरिकेतला भाव पडत गेला, वर्षभराचा नफा फीलाही पुरेना. शेवटी एका सप्टेंबरात, ऑक्टोबरपासून नव्या वर्षाची फी लागू होण्याआधी, आम्ही मंजुरी परत केली. इतकी वर्षं वाट पाहून मिळवलेली मंजुरी! ते पत्र मीच टाइप केलं. मालकांनी न वाचताच सही केली.

मंजुऱ्या बाळगण्याची जी तिसरी फी दरवर्षी भरावी लागते, ती कंपनीच्या आकाराप्रमाणे ठरते. पाचपर्यंत मंजुऱ्या असणाऱ्याला मोठ्या कंपनीच्या एक दशांश. मग कारखान्याच्या फीला हाच न्याय का नाही? फीच्या सध्याच्या कराराची मुदत सप्टेंबर २०२७ ला संपते. आपल्या छोट्या निर्यातदारांच्या संघटनांनी आणि केंद्र सरकारने हा मुद्दा आताच लावून धरायला हवा. वृत्तपत्रांनी त्यांना याचा जाब विचारावा.

आणखी एक. लेखासोबतचं छायाचित्र वांद्रे-कुर्ला संकुलातल्या आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयाचं आहे. त्या कार्यालयाचा या फीशी काडीचाही संबंध नाही. कृपया खुलासा छापावा.

– एक निवृत्त कर्मचारी, बोईसर
(नाव व पत्ता प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)