आमच्या जुन्या घराच्या नळांसाठी राबलेल्या सर्वांचे आभार

मालवणजवळच्या आमच्या जुन्या चिरेबंदी घराच्या दुरुस्तीत, भिंतींतले गंजलेले जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे) पाइप काढून सीपीव्हीसीचे (एका प्रकारच्या प्लास्टिकचे) बसवण्याचे काम पावसाआधी पूर्ण झाले, याबद्दल मी सर्व मदतकर्त्यांचे मनःपूर्वक आभार मानतो.

प्लंबरदादांनी जुन्या पाइपाचा कापलेला तुकडा माझ्या हातावर ठेवला, तेव्हा आतल्या तांबड्या गंजातून पेन्सिल जाईल एवढेच भोक उरलेले दिसले आणि न्हाणीघरातील धार इतकी बारीक का झाली होती, ते उमगले. भिंतीच्या जांभ्या दगडावर जोराचा घाव बसला की चिऱ्याचा कोपरा ढासळतो, म्हणून त्यांनी कटरने दोन समांतर रेघा मारून मधला भाग छिन्नीने हलक्या हाताने काढला. ही काळजी त्यांना कोणी सांगितलेली नव्हती. गिलाव्यापूर्वी लाइनला दाब देऊन तपासणी केली असता एका एल्बोपाशी (पाइप वळवणाऱ्या जोडापाशी) थेंब दिसला, तेव्हा तो जोड कापून त्यांनी नव्याने बसवला.

जुनी लाइन पडवीखालून वळते, हे शेजारच्या आजोबांना आठवत होते, त्यामुळे कोब्याची निष्कारण तोडफोड टळली. काकूंनी आठ दिवस आपल्या विहिरीवरून आम्हाला पाणी भरू दिले आणि रहाटाचा दोर झिजलेला पाहून तो स्वतःहून बदलला. त्यांचे ऋण मोठे आहे.