आई, तुझी खडी लिहू का?

पुणे, रविवार

ती. अण्णा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

फोन करायचा सोडून पोरीनं पत्र का धाडलं, असं अण्णांना वाटणार. अण्णा, तुम्ही फोन स्पीकरवर टाकून अंगणात बसता आणि आपलं सगळं बोलणं निम्म्या आळीला कळतं. शिवाय मला जे विचारायचंय ते फोनवर काढलं की आई म्हणते, दूध उतू चाललंय. दुपारी तीन वाजतासुद्धा आपल्याकडे दूध उतू जातं. म्हणून पत्र.

बातमी अशी की मी पीएच.डी.साठी अर्ज भरतेय. विषय आधुनिक इतिहास. नोकरी सोडत नाहीये, हे आत्ताच सांगते, म्हणजे अण्णा पुढचं शांतपणे वाचतील. नेट, म्हणजे प्राध्यापकीची आणि पीएच.डी.ची देशपातळीवरची परीक्षा, निघाली, पण फेलोशिपची नाही. त्या महिन्याच्या ३७ हजारांना वयाची अट ३० ची आहे, बायकांना पाच वर्षांची सूट धरून ३५, आणि मी ३७ ची. मी बसले ती 'फक्त पीएच.डी. प्रवेशा'च्या गटात. या परीक्षेचे ७० टक्के आणि मुलाखतीचे ३० टक्के धरून यादी लागते, आणि हे गुण एकच वर्ष चालतात. कॉलेजकडून ना हरकत प्रमाणपत्र मिळालं की नोकरी सांभाळून करता येईल. मुदत सहा वर्षं, वर दोन वाढवून मिळतात, आणि बायकांना आणखी दोन. अशी दहा. नियम करणाऱ्यालाही ठाऊक आहे की बाई स्वयंपाकघर आवरूनच लिहायला बसणार. 'दहा वर्षांत दोन विहिरी पाडून होतात' असं अण्णा म्हणणार. पाणी लागेलच याची खात्री तेव्हाही नव्हती, आणि तरी तुम्ही पाडल्याच की!

गेल्या वर्षी एकीकडे मुलाखत दिली होती, ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. समितीतल्या एकांनी विचारलं, मूल केवढं आहे? म्हटलं, सात वर्षांचं. त्यांनी पेन खाली ठेवलं. संशोधनावर पुढे एकही प्रश्न आला नाही. घरी येऊन दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही, तिसऱ्या दिवशी पेपर तपासायला बसले. असो.

विषय काय घ्यायचा यावर खूप घोळ घातला. अण्णा, तुमच्या मनात काय आहे ते मला माहीत आहे: क्रांतिसिंह नाना पाटील, प्रतिसरकार. आधी मीही तेच म्हणत होते. पण त्यावर पुष्कळ लोकांनी पुष्कळ काम केलंय, आणि मी एकदा बसून स्वतःलाच विचारलं की आपल्या घरात इतिहास म्हणून रोज काय बोललं जातं? रोज बोललं जातं ते बहात्तरच्या दुष्काळाचं. 'बहात्तरच्या आधी', 'बहात्तरच्या नंतर'. लग्नं, बैल, भावकीतली भांडणं, सगळं त्यावरूनच मोजलं जातं. आणि बोलतात कोण? पुरुष. आई त्या वेळी आत असते.

म्हणून विषय घेतलाय माणदेशातली दुष्काळी कामं आणि त्यावरचे मजूर, १८७६ पासून १९७९ पर्यंत. एवढ्या मागून का, तर राजेवाडीचा तलाव. अण्णा, लहानपणी तुम्ही मला सायकलवरून तिथं नेलं होतं, 'हा इंग्रजांनी बांधला' म्हणाला होतात. बांधला खरा आपल्यासारख्यांनीच, १८७६ च्या दुष्काळात सरकारनं काढलेल्या कामावर.

दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला पुराभिलेखागारात जाऊन आले. काळ्या घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे ते. फाईलची नाडी सोडली की टेबलावर तपकिरी भुगा पडतो, तंबाखू चोळल्यासारखा. १८७७ सालचे दुष्काळी कामांचे कागद वाचत होते. त्या वेळी दुष्काळाची पाहणी करायला आलेल्या सर रिचर्ड टेंपलनी मजुरी कापून माणशी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे इतक्यावर आणायचं ठरवलं. पौंड म्हणजे अर्ध्या किलोलाही कमी. दिवसभर दगड वाहणाऱ्याला! लोकांनी कामं सोडली, हजारोंनी सोडली, आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूनं सरकारला अर्जावर अर्ज लिहीत राहिली. शाळेत आम्हाला ही सभा काढणारे सार्वजनिक काका म्हणजे खादी एवढंच शिकवलं होतं.

पण खरी अडकले मी दुसऱ्याच ठिकाणी. १९६३ साली आपल्या राज्यानं एक कायदा केलाय. कशासाठी, तर राज्याच्या सगळ्या कायद्यांतून 'दुष्काळ' हा शब्द काढून टाकायला. त्याच्या जागी 'टंचाई'. म्हणणं असं की सरकारचं आता पिकांकडे बारीक लक्ष असतं, वेळेवर मदत मिळते, तेव्हा दुष्काळ पडायला वावच उरलेला नाही. पुढं नऊ वर्षांत बहात्तर आलं. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर जवळजवळ ५० लाख माणसं सरकारी कामांवर होती. तेव्हाची वस्ती पाच कोटी, म्हणजे दहातलं एक माणूस. कागदावर ती टंचाई. घरी तुम्ही दोघं एकदाही टंचाई म्हणाला नाहीत.

त्याच कामांतून पुढं रोजगार हमी आली. तासगावकडच्या वि. स. पागेंनी ती कल्पना लावून धरली, १९७७ चा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. माझा अभ्यास तिथं थांबतो. माझ्या पगारातून महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर जातो, फेब्रुवारीत ३००. हा कर १९७५ साली रोजगार हमीला पैसा उभा करायला बसवला होता. स्टाफरूममध्ये हे सांगितलं तर कुणाला पत्ता नव्हता. सगळे म्हणाले, पुन्हा एकदा सांग.

आता आई, तुला. अण्णा, एवढं तिचं तिला वाचू द्या, मोठ्यानं वाचून दाखवू नका. सावकाश वाचते, पण वाचते.

आई, तू खडी फोडायला जात होतीस हे मला तू सांगितलं नाहीस, मामानं सांगितलं. तुझ्या डाव्या अंगठ्याचं नख दोन फाकांत वाढतं. लहानपणी विचारलं की तू म्हणायचीस, उखळात सापडलं. मामा म्हणाला, ते घणाखाली सापडलंय. तू तेव्हा अकरा वर्षांची होतीस, पाचवीतून नाव काढलेलं. मुकादम लहान पोरांना घेईना, म्हणून आजीनं तुझं वय पंधरा सांगितलं, आणि हजेरीपटावर तेच चढलं. उद्या तो हजेरीपट कुठल्या दप्तरात मला सापडलाच, तर त्यात तू पंधराची असशील. खरं वय सांगू शकेल अशी तूच एक आहेस. मामा तेव्हा पाच वर्षांचा होता, त्याला फक्त कामावर खायला मिळणारी सुकडी गोड लागायची एवढं आठवतं. मिलोच्या, म्हणजे तेव्हा परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरीचं त्याला विचारलं तर तोंड वाकडं करतो. लाल होती, म्हणतो, आणि थापतानाच चिरायची. ते त्याचं की तुझं ऐकलेलं, देव जाणे.

तुला लाज वाटते हे मला कळतं. 'पाटलाच्या घरात सून होऊन आले, खडीवरची म्हणून नाही' असं तू एकदा काकूला म्हणालीस, मी दाराशी होते. म्हणून विचारतेय. अर्जासोबत संशोधनाचा आराखडा जोडावा लागतो आणि त्याचं पहिलं पान मी दोन तऱ्हेनं लिहून ठेवलंय. एकात तू आहेस, नाव नाही, 'माणमधली एक मुलगी, वय अकरा'. दुसऱ्यात राजेवाडीचा तलाव आहे. तूर्त माझ्या मार्गदर्शक होतील अशा बाईंना दोन्ही दाखवली. त्यांच्याकडे दोनच जागा रिकाम्या आहेत. त्या म्हणाल्या, पहिलं पान चांगलं आहे, पण आईला विचारलंत का? मी गप्प बसले.

प्रवेश झाला तर पुढं तुझ्यासारख्या आणखी बायकांशी बोलायचंय. त्यासाठी एक संमतीपत्र असतं. त्यात सांगणाऱ्या बाईला म्हणता येतं, एवढं लिही, एवढं लिहू नको. नको म्हणालीस तर मी तलावाचं पान जोडीन आणि पुन्हा विषय काढणार नाही. रुसणार पण नाही.

अर्जाची शेवटची तारीख २० आहे. अण्णा, पत्र्याच्या पेटीत तळाशी माझी दहावीची सनद आणि एम.ए.ची मूळ गुणपत्रिका असेल, निळ्या पिशवीत. दादाबरोबर पाठवून द्या. तो शनिवारी येतोय असं वहिनी म्हणाली.

आई, तुझं उत्तर दादाजवळ सांगू नकोस, तो उलटंपालटं करतो. पिशवीत चिठ्ठी घाल. लिहायचा कंटाळा आला तर नुसतं 'एक' किंवा 'दोन' लिही.

गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव.

तुमची,
ताई