मंत्रीसाहेब, शाळेचा आपत्ती आराखडा फाईलीतनं बाहेर काढा की ओ

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सोलापूरहून एका पालकाचा नमस्कार.

साहेब, मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे म्हणून परवा आमच्या शाळेचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा बघायला मागितला. मिळाला की, एकदम चकाचक, लॅमिनेशन केलेला. त्यात लिहिलंय, 'मुख्याध्यापक संबंधितांना कळवतील'. आता संबंधित म्हणजे कोण, आणि मुख्याध्यापक त्या दिवशी केंद्राच्या मीटिंगला गेले असतील तर कळवणार कोण? नकाशात बाण काढून दाखवलेल्या जिन्याखाली पोषण आहाराच्या तांदळाची पोती रचलेली, मागच्या गेटची किल्ली शिपायाच्या खिशात आणि शिपाई बँकेत गेलेला.

तमिळनाडूत कुंभकोणमला १६ जुलै २००४ ला शाळेच्या स्वयंपाकघरातनं आग पसरली आणि ९४ लेकरं गेली. त्यावर २००९ ला सुप्रीम कोर्टाने शाळांच्या अग्निसुरक्षेबद्दल निकाल दिला, २०१६ ला राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची शाळा सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं आली. म्हणजे कागद कमी नाहीत. आपल्या शेजारचा किल्लारीचा भूकंप १९९३ ला पहाटे चारच्या सुमाराला झाला, तोच सकाळी अकराला झाला असता तर काय, ह्याचा विचार पण करवत नाही.

पण मला खरी भीती गेटवरची वाटते. समजा वर्गात धूर झाला, पोरं मैदानात सुखरूप आली. दहा मिनिटांत व्हॉट्सॲपवर कायतरी भलतंच फिरणार आणि शे-दोनशे पालक गेटवर धडकणार, त्या गर्दीतनं फायर ब्रिगेडची गाडी आत कशी यायची आणि कुठलं पोरगं कुणाच्या हातात द्यायचं? रिक्षावाल्या काकांकडं द्यायचं का? हजेरीपटावरचे निम्मे नंबर बदललेत, वडील कारखान्यात, फोन त्यांच्याकडं, घरी आई विड्या वळतीय तिला निरोपच नाही. त्यात आमच्या सोलापुरात कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या उर्दू, आणि शाळेचा मेसेज मात्र शुद्ध सरकारी मराठीत, तो वाचून मराठी माणूस पण घाबरतो.

आणि दुसऱ्या दिवसाचं काय ओ? वर्गातलं एखादं पोर अपघातात गेलं तर दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं आणि लगेच गणिताचा तास सुरू. शेजारच्या बाकावरच्या पोराशी काय बोलायचं हे बाईंना कुणी शिकवलेलंच नसतं, बाई स्वतःच रडत असतात. समुपदेशक कुठनं बोलवायचा, पोरांना कुणी आणि कुठल्या शब्दांत सांगायचं, हे आधी ठरलेलं पाहिजे, त्या दिवशी कुणाचं डोकं चालत नाही.

म्हणून मागणी एवढीच, प्रत्येक शाळेला एकच पान करायला लावा, पदं नकोत, नावं. ११२ ला फोन कोण करणार, हजेरीपट घेऊन मैदानात कोण जाणार, गेटवर कोण थांबणार, आणि प्रत्येक नावापुढं तो नसेल तर दुसरं नाव. पोरगं घ्यायला कोण येणार ते पालकांकडनं जूनमध्येच लिहून घ्या. वर्षातनं दोनदा न सांगता मॉक ड्रिल करा, पालकांसकट. आणि हात जोडून सांगतो, त्याचे फोटो लिंकवर अपलोड करायला लावू नका, नाहीतर ड्रिल राहील बाजूला आणि सर लोक नेटवर्क शोधत गच्चीवर फिरतील.

शाळा सुरू व्हायच्या आधी आदेश काढलात तर बरं होईल. आमच्या शाळेतली पोती आम्ही पालकच हलवतोय, गेटची दुसरी किल्ली पण करून घेतो.

आपला,
एक पालक, सोलापूर