रजेचा अर्ज देण्यापूर्वी

चिपळूण

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. वहिनींच्या स्तनाच्या कर्करोगाचे निदान पक्के झाले असून परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घ्यायचे ठरले आहे, हे वाचून आम्हा दोघांनाही फार वाईट वाटले. आमच्या घराने हे सगळे सोसून फार काळ लोटलेला नाही, त्यामुळे तुझ्या पत्रातील एकही काळजी मला परकी वाटली नाही. सहा महिन्यांची बिनपगारी रजा घ्यावी की सरळ राजीनामा द्यावा, आणि तेवढ्या काळात घर कसे चालवावे, असे तू विचारले आहेस. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी जराही न अडखळता देतो. राजीनामा देऊ नकोस.

पगार थांबला की महिन्याची रक्कम थांबते, एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. पण नोकरीवर नाव असण्याला पगाराखेरीज फार मोठी किंमत आहे, आणि आजारपणात ती सर्वांत जास्त असते. कंपनीच्या सामूहिक आरोग्य विम्यात वहिनींचे नाव आहे, असे तू मागे म्हणाला होतास. तू राजीनामा दिलास तर ते छत्र जाईल. त्यानंतर स्वतंत्र पॉलिसी घ्यायला गेलास, तर कर्करोगाचे निदान झालेल्या व्यक्तीला ती मिळणे मुळात कठीण, आणि मिळालीच तरी आधीपासून असलेल्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षा काळ लावता येतो, म्हणजे नेमक्या गरजेच्या काळात तिचा उपयोग शून्य. म्हणून मनुष्यबळ विभागाला लेखी विचार की बिनपगारी काळात विमा चालू राहील का, पगारातून कापला जाणारा तुझा हप्ता कोणत्या तारखेपर्यंत आणि कसा भरायचा, आणि वर्षाच्या नूतनीकरणाची तारीख त्या काळात येते का. उत्तरही ईमेलवरच घे. तोंडी आश्वासन देणारा माणूस चांगला असतो, पण महिन्याभराने त्याची बदली झालेली असू शकते.

रजेचेही तसेच आहे. घरच्या माणसाच्या शुश्रूषेसाठी रजा देण्याचे खासगी कंपनीवर कायद्याचे बंधन नाही. ती व्यवस्थापनाच्या मर्जीवर मिळते, आणि म्हणूनच तिच्या मंजुरीचे पत्र हातात असल्याशिवाय घरी बसू नये. ग्रॅच्युइटीसाठी सलग सेवा मोजताना मंजूर रजा सेवेत धरली जाते, तर न कळवता झालेली गैरहजेरी वादाचे कारण ठरू शकते. बिनपगारी महिन्यांत भविष्य निर्वाह निधीत तुझी आणि कंपनीची भर पडणार नाही, हेही हिशेबात धर.

आता रजा किती घ्यावी याविषयी. सहा महिने सलग घेऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे. निदान झाले की आपला जीव उडालेला असतो आणि सगळे सोडून आजारी माणसाच्या उशाशी बसावेसे वाटते. पण उपचारांना स्वतःचे एक वेळापत्रक असते आणि रजा त्या वेळापत्रकाला बांधली तरच पुरते. केमोथेरपी बहुधा एकवीस दिवसांच्या आवर्तनात दिली जाते. पहिले काही दिवस मळमळ आणि थकवा, त्यानंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात रक्तातील पांढऱ्या पेशी उतरतात आणि साधा ताप आला तरी तातडीने रुग्णालय गाठावे लागते. त्या दिवसांत घरी समजदार माणूस हवाच. तिसऱ्या आठवड्यात मात्र रुग्ण पुष्कळ सावरतो. आमच्या हिच्या आजारपणात मी तिसरा आठवडा कामावर जात असे, आणि त्या आठवड्याच्या पगारातून निदान किराणा आणि वीजबिल निघत असे. रेडिएशनचे गणित निराळे असते. ते साधारण तीन ते पाच आठवडे, आठवड्यातले पाच दिवस रोज घ्यावे लागते, म्हणजे मुंबईत मुक्काम ठोकावाच लागतो. साठलेली पगारी रजा केमोच्या सुरुवातीलाच संपवण्याऐवजी तिच्यातला मोठा भाग या मुक्कामासाठी राखून ठेव. केमोची काही आवर्तने टाटाच्या सल्ल्याने तुमच्या कोल्हापुरातच घेता येतील का, हेही डॉक्टरांना स्पष्ट विचार, कारण त्यावर तुझ्या प्रवासाचा, रजेचा आणि वहिनींच्या शिणवट्याचा बराचसा हिशेब अवलंबून आहे. शिवाय हर-टू (कर्करोगाच्या पेशींवरील एका प्रथिनाच्या) तपासणीचा अहवाल हाती येईपर्यंत खर्चाचा कोणताही आकडा अंतिम धरू नकोस. तो पॉझिटिव्ह आला तर त्यासाठीचे इंजेक्शन बहुधा वर्षभर चालते.

मी त्या काळात दोनशे पानी वहीत रोजचा खर्च लिहीत होतो. डाव्या पानावर रुग्णालयाचे पैसे आणि उजव्या पानावर बाकी सगळे, म्हणजे टॅक्सी, नारळपाणी, बाहेरच्या तपासण्या, झेरॉक्स, दोघांचे जेवण, गावाकडून भेटायला आलेल्यांचा चहा. काही आठवड्यांतच उजवे पान डाव्याच्या पुढे गेले. विमा आणि योजना डाव्या पानाला हात देतात. उजवे पान आपल्यालाच सांभाळावे लागते, आणि पगार नसताना माणूस खचतो तो तिथे. आम्हाला दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली आणि तो भार निम्म्याहून अधिक हलका झाला. परळलाच नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे. दोन्हीकडे गर्दी असते, म्हणून रुग्णालयाची कागदपत्रे घेऊन लवकर चौकशी कर. महालक्ष्मी एक्सप्रेसने येणार असशील तर रेल्वेची सवलत विसरू नकोस. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण, तर सोबत्याला पंच्याहत्तर टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचे ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र लागते.

टाटामध्ये नोंदणी करताना जनरल की प्रायव्हेट, असे विचारतील. घाबरून प्रायव्हेट म्हणू नकोस. डॉक्टर तेच असतात, दरांत मात्र मोठा फरक पडतो. तेथील वैद्यकीय समाजसेवा विभागात जायला संकोच करू नकोस. शिधापत्रिका, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रजा बिनपगारी असल्याचे कंपनीचे पत्र सोबत ठेव, कारण जुन्या पगारपत्रकावर तुझी आजची परिस्थिती दिसत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत 2024पासून शुभ्र शिधापत्रिकाधारकांनाही कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. मात्र उपचार सुरू होण्याआधी रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राकडून, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडून, मंजुरीचे कागद पुढे गेले पाहिजेत.

पैसे कोठून उभे करायचे, याचा क्रम मी असा लावीन. आधी साठलेली पगारी रजा, मग बचत खाते आणि मोडता येण्याजोगी ठेव. त्यानंतर सोनेतारण, दागिने विकण्याची घाई नको. त्यानंतर भविष्य निर्वाह निधीतून आजारपणासाठीची उचल, जी परत भरावी लागत नाही. ती म्हातारपणाची पुंजी आहे हे खरे, तरीही क्रेडिट कार्ड किंवा वैयक्तिक कर्जाच्या व्याजात अडकण्यापेक्षा ती बरी. गृहकर्जासाठी पहिला हप्ता चुकण्याआधीच शाखेत जा आणि मुदत वाढवून हप्ता कमी करून मिळेल का, ते विचार. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादित ठरते, आणि मग बँकेची भाषा बदलते. नातेवाइकांकडून हातउसने घेतलेस तर रक्कम आणि परतीचा महिना त्यांच्यासमोर लिहून ठेव. नाती त्यामुळे तुटत नाहीत, उलट टिकतात.

वहिनींपासून पैशाची चणचण लपवू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो. हिने स्वतःच एके दिवशी वही मागून घेतली, कोणता खर्च थांबवायचा ते पेन्सिलीने खुणा करून दाखवले आणि पाटल्या तारण ठेवण्याचा निर्णयही तिचाच होता. आपल्यामुळे घर बुडते आहे, या विचाराने ती आधी आतल्या आत कुढत होती. खरे आकडे समोर आल्यावर ते कुढणे पुष्कळ कमी झाले.

उपचाराचा आराखडा मिळाला की त्याचे छायाचित्र मला पाठव, म्हणजे रजेच्या तारखा आपण दोघे बसून ठरवू. रेडिएशनच्या काळात एक आठवडा मी परळला येऊन थांबेन आणि तेवढे दिवस तू कामावर जा. हे मी येथे रजा मंजूर करून घेऊनच लिहितो आहे. ही वहिनींशी स्वतंत्रपणे फोनवर बोलणार आहे. आईंना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
बालमित्र